एक मिनिट, चालत

…नाई, मी म्हणतो, हारपली वस्तू तर हारपू द्या ना तिले. आमच्या बापाच्या काळात वस्तू हारपत नव्हत्या काय? छत्री हारपली, अडकित्ता हारपला, एकदा तर जळगावच्या बाजारात आमचा बैल हारपला आन दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं घरी आला, कोणी त्याचा नकाशा पाहत बसलं नाही. पण आता तसं नाही ना. आता फोन सांगते, हे पाहा, तुमची वस्तू इथं हाये. किती दूर हाये ते सांगते, पायी गेलं तर किती वेळ लागते तेही सांगते. मले काय म्हणे माहीत हाये? एक मिनिट, चालत. तुमाले सांगतो, त्या एका मिनिटानं माही झोप उडवली.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमी म्हणसान हिंमतराव मधातूनच सुरू झाला. माही पोरगी अर्पिता, ते पुण्याले नोकरीले हाये. तिनं पहिल्या पगारात मले कानातले पाठवले. दागिने नाही हो, ते बिनवायरचे, ऐकाचे. साबणाच्या वडीएवढी डबी, तिच्यात दोन दाणे, कानात खुपसले की फोनचं बोलणं थेट डोक्यात. आता मले कशाले पाहिजे होते? तर मी ओसरीत बसून कीर्तन आन कापसाचे भाव मोठ्यानं ऐकतो, आन अर्पिताच्या मायचं डोकं दुखते. ते म्हणते, "मोठ्यानं ऐकल्यानं भाव वाढते काय?" आता याले काय उत्तर देसान तुमी?

बरं, आले कानातले, घातले, ऐकले, झालं ना? नाही. लगेच पोरीचा फोन. "बाबा, तुम्ही ते हरवणार. तीन चष्मे हरवले तुम्ही चार महिन्यांत. आपण लोकेशन चालू करून ठेवू." पाहा, पुण्याले गेल्यापासून पोरीची भाषा पाहा, 'हारपले' म्हणत नाही आता, 'हरवले' म्हणते. मी म्हन्लं, कर बाई. तर म्हणे मी नाही, तुम्हीच करायचं, मी फोनवरून सांगते. "सेटिंगमध्ये जा." गेलो. "खाली जा." गेलो. "अजून खाली." अजून गेलो… तुमाले सांगतो, विहिरीत बादली सोडली असती तर पाणी लागलं असतं एवढ्यात. मंग फोन मले विचारते, तुमचं लोकेशन पाहू देऊ काय? म्हन्लं, मी ओसरीत हावो, रोजच ओसरीत असतो, याच्यात लपवाचं काय हाये? "बाबा, 'हो' दाबा." दाबलं. मंग विचारते, नेहमी पाहू की फक्त आता? आता मले सांगा, लग्नाच्या बायकोनं कधी एवढी परवानगी मागितली काय?

मंग आला पासवर्ड. "बाबा, पासवर्ड आठवतो ना?" आठवते ना, लिहूनच ठेवला होता, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर, एप्रिलच्या पानावर. पण कॅलेंडर कुठी हाये? अर्पिताच्या मायले विचारलं तर म्हणे, "त्याचे पानं पापडाच्या डब्यात टाकले, खाली अंथराले." मी डबा उघडला. खाली एप्रिल, वर पापड. पापड काढता काढता एक तुटला, तो तसाच खाल्ला, दुसरा मीच तोडला, तोही खाल्ला… आन खरं सांगतो, आमच्या घरच्या पापडासारखा पापड अख्ख्या तालुक्यात नाही, उडीद कसा मळलेला, मिऱ्याचा कसा झटका. तेवढ्यात ते आली, "डब्याले हात लावू नोका, पापड पाऊसभर पुरवा लागते." पण पासवर्ड सापडला. थोडा तेलकट झाला होता, पण चालला.

आता शेवटचं काम उरलं म्हणे. "बाबा, याला नाव द्यायचं." कोणाले? "कानातल्यांना." म्हन्लं, लिहितो, श्री. हिंमतराव सखारामजी यांचे. "एवढं लांब कशाला? डबीचं झाकण उघडलं ना, की जवळपासच्या लोकांच्या फोनवर हे नाव दिसू शकतं." दिसू दे. दिसण्यासाठीच तर नाव असते. पोरगी हासली, पण मी एक अक्षर कमी केलं नाही.

तुमाले वाटलं असन, साध्या कानातल्यासाठी नावाचा एवढा हट्ट काऊन? सांगतो. चार वर्षांखाली माह्या सख्ख्या मोठ्या भावाच्या, शेषरावच्या पोरीचं, काजलचं लग्न झालं. पत्रिका आली. मी चष्मा लावून वाचली. निमंत्रकात शेषराव, त्याच्याखाली त्याचा संग्रामपूरचा साळा, साळ्याचा चुलतभाऊ, आन त्या 'किलबिल'मध्ये, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', तिथं ज्याले अजून बसता येत नव्हतं त्या पोराचं नाव. आन माहं नाव? पोरीच्या सख्ख्या काकाचं? कुठीच नाही. दोन्ही बाजूनं पाहिलं, पाकिटात पाहिलं. दादा म्हणे, "प्रेसवाल्याची चूक झाली बे." मी म्हन्लं, मंग दुसऱ्या छाप. तो म्हणे, "अर्ध्या गावात वाटून झाल्या." झालं. मी लग्नाले गेलो नाही. मांडव माह्या भिंतीले टेकला होता, बँड माह्या कानात वाजत होता, आन मी घरात कवाड लावून बसलो. जिले खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली त्या पोरीचं लग्न, आन मी कवाडाच्या आत. त्या दिवसापासून दादाशी बोलणं बंद, जाणं बंद. मधात एक बोळ हाये फक्त.

आता ऐका. कानातले आले त्याच्या आठ दिवसांनी, दुपारी तीनचा टाइम, रोज मी त्या वक्ती झोपलेला असतो, त्या दिवशी डोळा लागला नाही, कीर्तन लावाव म्हन्लं तर डबी गायब. खुंटीवर नाही, उशीखाली नाही, सदऱ्याच्या खिशात नाही. अर्पिताची माय घरी नव्हती, ते रोज अडीचले भजनाले जाते. पोरीले फोन लावला. "बाबा, आपण तेवढ्यासाठीच तर केलं ना, नकाशा उघडा." उघडला. गोल फिरलं, फिरलं, आन थांबलं. मी पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. शेषरावचं घर. आन खाली काय लिहिलेलं? एक मिनिट, चालत.

मी म्हन्लं, हा नकाशा खोटा हाये, मी तिथं चार वर्षं पाय ठेवला नाही. पोरगी म्हणे, "बाबा, ते खोटं नसतं. जवळ ज्याचा फोन असतो ना, तोच कळवतो, की वस्तू इथे आहे." म्हणजे? "म्हणजे मोठेबाबांचा फोन तुमच्या फोनला सांगतो आहे." घ्या. आमी दोघं भाऊ चार वर्षं बोललो नाही आन आमचे फोन बोलून राह्यले. माह्या पाठीमागं, माह्या परवानगीशिवाय… नाही, परवानगी मी दिली होती, 'हो' दाबून.

मंग माहं डोकं फिरलं. म्हन्लं, उचलले असन त्यानं. बोळात पडले असन, यानं उचलले असन, आन आता बसला असन कानात घालून, माह्या पोरीच्या पगाराचे. पोरगी म्हणे, "मग जा ना विचारायला, एक मिनिट तर आहे." एक मिनिट. ज्याले पत्रिकेत नाव लिहिता आलं नाही त्याच्या दारात मी, हिंमतराव, जाऊ, आन म्हणू काय, दादा, माहे कानातले दे? कुठं हाये ते फोननं सांगितलं, पण जाव कसं ते सांगते काय तो? तिथं एक मिनिट लिहून मोकळा.

पोरगी म्हणे, "मग आवाज करून बघा, ते बटण दाबलं की कानातले वाजतात. फक्त जवळ जा." हे बरं सुचवलं. मी बोळ ओलांडला नाही, फक्त आपल्या भिंतीजवळ गेलो, बकेट उलटी ठेवली, तिच्यावर उभा राह्यलो, फोन वर धरला आन दाबलं बटण. म्हन्लं, आता कळन चोराले. आन भिंतीच्या पलीकडून आवाज आला, "अगं माय वं, माह्या कानात काय शिरलं!"

आता मले सांगा, तीस वर्षं झाली लग्नाले, तो आवाज मी नाही ओळखणार काय? आमची जयमाला. भजनाले गेलेली.

मंग मी काय केलं ते मले धड आठवत नाही. बकेटीवरून उतरलो, चप्पल घातली, एकच सापडली, तसाच बोळ ओलांडला. खरंच एक मिनिट लागलं हो. कमीच लागलं असन. दादाचं कवाड उघडं होतं. अंगणात दोन खाटा, खाटांवर धोतर, धोतरावर पापड, शेकड्यानं पापड. इकडे विमलवहिनी लाट्या पाडून राह्यली, तिकडे अर्पिताची माय पोळपाटावर, हातभर पीठ, आन कानात माहे कानातले. खुर्चीवर दादा, हातात लांब काठी, कावळे हाकलाले. मले पाहिलं आन सगळे जागच्या जागी.

मी म्हन्लं, "हे भजन हाये काय?" ते म्हणे, "पापड काय एकटीनं होते? दहा किलो उडीद, एकीनं मळाव, दुसरीनं लाटाव. चार वर्षं काय खाऊन राह्यले तुमी? बोलणं तुमचं बंद झालं होतं. माहं कोणी बंद केलं?" आन कानातले काऊन? तर म्हणे हात पिठाचे असते, दुपारी अर्पिताचा फोन येते, मंग कानात घालून बरं बोलता येते, एक दाणा हिच्या कानात, एक वहिनीच्या. पाहा. म्हणजे पोरीलेही माहीत. मले आता संशय येते, हे लोकेशन कोणाच्या हारपण्यासाठी लावलं होतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात दादा बोलला. माह्याकडे नाही, कावळ्याकडे पाहत. "रोज तीन वाजता माह्या फोनवर तुहं नाव येते बे. श्री. हिंमतराव सखारामजी. अख्खं. आपल्या बापाच्या नावासकट." "मले वाटे आज येशीन… मंग वाटे उद्या येशीन. पत्रिकेच्या वक्ती मीच याले पाहिजे होतं तुह्याकडे. नाही आलो."

खोटं काऊन सांगू, मले रडू आलं. साठीचा माणूस, एका पायात चप्पल, उडदाच्या पापडाच्या मधात उभा राहून रडलो. वहिनी म्हणे, "भाऊजी, बाजूले व्हा, पापडावर पाणी पडन." दादानं खुर्ची सरकवली, आन काठी माह्या हातात दिली.

तवापासून रोज दुपारी तीनले मी तिथंच असतो. काजल माहेरी आली होती, तिचं पोरगं आता माह्या खांद्यावर बसते. कावळे मी हाकलतो, दादा बसून मले चुका दाखवते. कानातले? ते मले मिळालेच नाही परत. एक दाणा हिच्या कानात, एक वहिनीच्या, आन दोघी पोरीशी बोलून हासते, बहुतेक मलेच. परवा तिथंच बसल्या बसल्या मी रागानं फोन उघडला, म्हन्लं पाहू तरी माही वस्तू कुठी हाये. आता तो एक मिनिटही म्हणत नाही. म्हणते, तुमची वस्तू तुमच्याजवळच हाये… आता याच्यावर माणसानं भांडाव तरी कोणाशी?