बॉनेटखाली केकचा ट्रे

बायको: आणि हा? हा काय आहे?

नवरा: कुठला?

बायको: तो पत्रा. तिथे, इंजिनाच्या शेजारी. कडेला नागमोडी नक्षी दिसतेय त्याच्या.

नवरा: ती... हीट शील्ड आहे.

बायको: तो माझा केकचा ट्रे आहे.

नवरा: होता.

बायको: अरे! मी सकाळपासून वर सगळी कपाटं उपसतेय. शेजारणीलासुद्धा विचारून आले, तुमच्याकडे राहिला का म्हणून. ती बिचारी ओशाळली. आणि तू तो कात्रीने कापून इथे बसवलास?

नवरा: साध्या कात्रीने नाही कापला जात. पत्र्याची वेगळी कात्री येते.

बायको: वा. म्हणजे तीही आणलीस.

नवरा: आणली नाही, मागून घेतली. तू चिडू नकोस. हे बघ, हा जो गोंडा दिसतोय ना, शंकूसारखा, हा नवीन एअर फिल्टर, सायलेन्सरबरोबरच बसवला होता. उघडा. आधी इथे काळा प्लास्टिकचा बंद डबा होता, त्यात इंजिनाचा जीव गुदमरायचा. आता मोकळी हवा मिळते. पण हा पडतो इंजिनाला खेटून, मग गरम हवा ओढतो. म्हणून मध्ये आडोसा.

बायको: म्हणून माझा ट्रे.

नवरा: मापात बसला गं अगदी.

बायको: बसणारच. गेल्या रविवारी सायलेन्सर मापात बसला, त्याच्या आधी ते प्लग. आपण नवरा-बायको एवढे कधी मापात बसणार ते विचारते मी. रविवार उजाडला की तू या गाडीखाली. तुझे फक्त पाय ओळखते मी आता.

नवरा: आज शेवटचं. हे झालं की झालं.

बायको: सायलेन्सरच्या वेळीही हेच म्हणाला होतास. आणि ही डिकी एवढी रिकामी कशी? स्टेपनी कुठाय?

नवरा: काढली. जॅकपण काढला. उगाच वजन. गाडी हलकी झाली की उचल वाढते.

बायको: आणि पंक्चर झाली तर खांद्यावर घेऊन येणार आहेस का? बघू मागे... अरे, पोरीची खुर्ची?

नवरा: जिन्याखाली ठेवलीय. नीट झाकून ठेवलीय.

बायको: मुलीची खुर्ची काढलीस.

नवरा: रोज ऑफिसला मी एकटा तर जातो. रिकाम्या खुर्चीचं ओझं कशाला वाहायचं? तिला कुठे न्यायचं असलं की लावायची परत. पाच मिनिटांचं काम.

बायको: शेवटचं कधी नेलंस तिला कुठे?

नवरा: ...तो पाना दे जरा. तो नाही, त्याच्या शेजारचा.

बायको: हा घे. कशासाठी चाललंय रे हे सगळं? शर्यतीत उतरायचंय? ही गाडी आपण घेतली तेव्हा तूच म्हणाला होतास, सात पिढ्या गुमान चालणारी गाडी आहे.

नवरा: चालते गुमान. तोच तर त्रास आहे. पुलाच्या चढावर एखादा ट्रक पुढे आला की बसा त्याच्या मागे रांगत. पाय दाबला तरी ही ढिम्म. रोजचा वेळ जातो. तो वाचला तर बरं, एवढंच.

बायको: मग वाचतो का आता?

काका: कोण आहे रे बॉनेटमध्ये? राजे तुम्हीच ना? पायावरून ओळखलं!

बायको: या काका. बघ रे, सगळी सोसायटी ओळखते तुझे पाय.

काका: अगं सूनबाई पण आहेत! छान, छान. मग साक्षीपुराव्यानिशीच बोलतो. काय म्हणतो मी, राजे, तुमच्या रथाचा आवाज जरा कमी होईल का? माझी खिडकी इथे अशी, तुमचं धुराडं तिथे असं. काल संध्याकाळी तुम्ही आत आलात तर कपाटातल्या कपबशा नाचायला लागल्या. आमची ही म्हणाली, भूकंप. मी म्हटलं भूकंप नव्हे, वरचे राजे आले.

नवरा: सॉरी काका. सायलेन्सर बदललाय ना, थोडा... करतो काहीतरी.

काका: करा बाबा. आणि आवाजाचं एक वेळ सोडा, मी म्हातारा माणूस, अर्धा बहिरा. पण काय होतं, इंजिन बंद झालं की मी म्हणतो चला, आता दार उघडेल, पावलं वाजतील. तर दार काही उघडत नाही! माझ्या बातम्या सुरू होऊन हवामानापर्यंत येतात, तरी हा माणूस आपला गाडीतच. परवा तर मी चप्पल घालून बाहेर येणार होतो. म्हटलं काही झालं बिलं की काय छातीत. पण ही म्हणाली, असू दे, फोनवर बोलत असतील.

नवरा: हो... फोन असतो काका. ऑफिसचा.

काका: तेच म्हटलं मी. रोज एवढा फोन म्हणजे मोठीच जबाबदारी असणार. अच्छा, येतो मी, ही हाक मारतेय. हाक मारतेय ना? का मला भास होतोय?

बायको: मारतायत काका. जा तुम्ही.

(काका जातात.)

बायको: पाना धरून ठेवलायस नुसता. फिरव.

नवरा: म्हातारा काहीही बोलतो. रोज नाही काही. एखाद दिवशी फोन येतो.

बायको: फोन नसतो तुझ्या हातात.

नवरा: तुला काय माहीत?

बायको: मला माहितीय. काकांनी सांगायच्या आधीपासून माहितीय. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसलेला असतोस. समोर भिंत. गाणीसुद्धा लावत नाहीस.

नवरा: तू वरून बघतेस?

बायको: बाल्कनीतून दिसतं. आधी कधी बघितलं नव्हतं मी. कशाला बघेन? आधी तुझी गाडी मुकी होती, कधी आली, कधी उभी राहिली, पत्ता नसायचा. बेल वाजली की तू आलास. उशीर झाला की मी म्हणायचे, रस्त्यात अडकला असेल बिचारा. मग तू हा सायलेन्सर बसवलास. आता तू कोपऱ्यावर वळलास की वर ऐकू येतं.

नवरा: एवढं?

बायको: एवढं. मला तर नंतर येतं ऐकू, आधी पोरीला. हातात असेल ते टाकते आणि धूम ठोकते, "बाबाची गाडी!" दाराला कान लावून उभी. कडीला हात पोचत नाही म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणते. त्यावर चढून कडी धरून ठेवते. तू बेल वाजवायच्या आत उघडायचं असतं तिला.

नवरा: ...मला वाटायचं बेल वाजल्यावर येते ती.

बायको: बेल वाजेपर्यंत ती गेलेली असते रे. पाय दुखतात, कंटाळते, उतरते. तू आत येतोस तेव्हा ती परत चित्र रंगवत बसलेली असते आणि तू मला म्हणतोस, हल्ली बघतसुद्धा नाही माझ्याकडे.

नवरा: तू काही बोलली नाहीस कधी.

बायको: पहिल्या दिवशी मला वाटलं लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत आले, तर तू दिसलास. म्हटलं असेल काही. मग रोजच दिसायला लागलास. काय बोलू? तिलाच काहीतरी सांगावं लागायचं, तर सांगितलं, बाबा गाडी थंड करतोय. काल मला विचारते, "आई, आपलीच गाडी रोज एवढी का तापते?"

नवरा: मग तू काय म्हणालीस?

बायको: मी म्हटलं, विचार तुझ्या बाबाला. आज तो ट्रे इंजिनाशेजारी बघितला आणि... जाऊ दे.

नवरा: तुला राग आला असेल.

बायको: राग यायलासुद्धा अंगात जीव लागतो.

नवरा: ऐक ना. तुमच्यापासून पळत नाही मी. खरंच नाही. आमच्या ऑफिसातल्या तक्रार खिडकीवर बसून बघ एक दिवस. काचेला गोल भोक, आणि त्या भोकातून सकाळपासून माणसं ओरडतात. पाणी आलं नाही, मीटर चुकलं, तुम्ही झोपा काढता. मी पाणी अडवून ठेवल्यासारखं. हो साहेब, बघतो ताई, कळवतो काका. संध्याकाळी निघतो तेव्हा तोंडातून शब्द काढायचा म्हटलं तरी नको होतं. वर आलो की ती गळ्यात पडणार, तू विचारणार जेवलास का, दूध आणलंस का. चांगलंच विचारता तुम्ही. पण मला वाटतं परत खिडकी उघडली. म्हणून जरा बसतो. कुणी काही विचारत नाही अशी ही एवढीच जागा आहे.

बायको: आणि वेळ वाचवून काय करणार होतास?

नवरा: तेच. हे बसणं घरच्या वेळातून जातं ना, ते टोचायचं मला. म्हटलं रस्त्यातच थोडा वेळ वाचवला, पुलावर, चढावर, तर इथे बसूनही मी रोजच्या वेळेला वर येईन. कुणाचंच काही जाणार नाही.

बायको: म्हणून फिल्टर, प्लग, सायलेन्सर, स्टेपनी.

नवरा: हो.

बायको: मग वाचला का?

नवरा: खरं सांगू? फिल्टर बसवल्यापासून चढावर आधीपेक्षा मरगळलीय. गरम हवा ओढते. म्हणून तर ट्रे कापला.

बायको: मग एवढं करून वाढलं काय?

नवरा: आवाज.

बायको: कमाल आहे तुझी. हसू येतंय मला, आणि हसायचंही त्राण नाही.

नवरा: मी काढतो हे सगळं. आत्ता काढतो. जुना डबा आहे जपून ठेवलेला, सायलेन्सर पण आहे. संध्याकाळपर्यंत होती तशी होईल. काकांच्या कपबशा वाचतील, पोरगी दाराशी ताटकळणार नाही.

बायको: आणि तू?

नवरा: मी काय?

बायको: तू येऊन बसशीलच ना इथे. फक्त आम्हाला कळणार नाही. मी परत म्हणत बसेन, रस्त्यात अडकला असेल बिचारा.

नवरा: मग काय करू सांग. ठेवू आवाज?

बायको: मला नको विचारूस रे. सगळं मलाच का विचारता तुम्ही? मी दिवसभर लोकांच्या शिरा शोधते. सकाळी लॅब उघडली की दंड पुढे, सुई, कापूस, दाबून धरा, पुढचा. म्हातारी माणसं, त्यांच्या शिरा सापडत नाहीत, दोनदा टोचलं की शिव्या खाते. दुपारी तिला शाळेतून घ्यायचं, मग खाणं, अभ्यास, कपडे. तुझी काच तरी आहे मध्ये. माझ्या हातात तर माणूसच असतो.

नवरा: माहितीय मला.

बायको: नाही माहीत. तू इथे बसतोस ना, मी तेव्हा काय करते सांगू? बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. अंघोळ नाही, काही नाही. नुसती उभी राहते. बाहेरून दार वाजतं, "आई, झालं का?" की नळ बंद. तुला निदान गाडी आहे. मी कुठे बसू?

नवरा: ...हे तू कधी बोलली नाहीस.

बायको: तू बोललास?

नवरा: नाही.

बायको: सरक जरा.

नवरा: अगं, हात लावू नकोस, ग्रीस आहे तिथे.

बायको: असू दे. ते बॉनेट पाड खाली. आणि किल्ली आतच आहे ना?

नवरा: आत आहे. कुठे जायचंय? मी येतो ना, फिल्टरची क्लिप लावतो आणि निघू.

बायको: कुठेच नाही जायचं.

(गाडीचं दार लागतं. काच थोडी खाली येते.)

नवरा: काय करतेस?

बायको: बसलेय.

नवरा: बरं. ...सीट मागे घ्यायची असेल तर डावीकडे खाली दांडी आहे. ओढ, सरकेल.

बायको: हं. सरकली.

नवरा: मी पण बसू का शेजारी?

बायको: नको.

नवरा: काही बोलायचं असेल तर...

बायको: तू बोलतोस का इथे कुणाशी?

नवरा: नाही. बरोबर आहे. ...अगं, पण वर कोण आहे तिच्याजवळ?

बायको: शेजारीण बसलीय. ट्रेसाठी ओशाळली होती ना, म्हणाली मी थांबते, तुम्ही बघून या.

नवरा: मग जाऊ मी?

बायको: जा.

नवरा: कधीपर्यंत येशील तू? नाही, विचारत नाही. ये सावकाश. ट्रे नवीन आणून देतो.

बायको: अरे, ऐक.

नवरा: काय?

बायको: जाताना जिन्याखालून तिची खुर्ची घे, आणि आणून लाव परत. संध्याकाळी कुठेतरी जाऊ. पुलाच्या पलीकडे कुठेही. ट्रकच्या मागून गेलो तरी चालेल.

नवरा: लावतो. आधी वर जाऊन येतो.

बायको: खालच्या नळावर हात धू. काळे झालेत.

नवरा: आणि तिने विचारलं, आई कुठे, तर काय सांगू?

बायको: सांग, गाडी थंड करतेय.

नवरा: ...बरं.

बायको: आणि गाडी एकदा सुरू करून बंद करते. तू पोचेपर्यंत स्टूल ओढून झालेलं असेल तिचं. बेल नको वाजवूस.