कोरं यीस्ट

ल्योंगा: मॅडम, लॅबमध्ये माझ्या यीस्टशेजारी हा दुसरा फ्लास्क कुणी लावला?

एफोसी: मी. सापडला का? उद्यासाठी आजच इथं आणून ठेवला, वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सापडला. काय आहे त्यात, ओळख बघू, डॉक्टरसाहेब.

ल्योंगा: चिठ्ठीवर लिहिलंय. कोरं यीस्ट.

एफोसी: कोरं म्हणजे काय?

ल्योंगा: मी काही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नाही.

एफोसी: त्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं तरी असतं. कोरं म्हणजे डोंगरातल्या झाडाचा एकही जीन न घातलेलं. पाव फुगवायला आणतात, ते. आणि मशीन काय दाखवतंय? त्यातही त्या झाडाच्या सालीतलं औषध आहे. तुझ्या त्या जीन घातलेल्या नवलाच्या यीस्टमध्ये आहे, अगदी तेवढंच.

ल्योंगा: मशीन बिघडलं असेल.

एफोसी: मशीन बिचारं समोर येईल ते सांगतं. चला, बरंच झालं म्हणायचं! बुएया शहरातल्या सगळ्या बेकऱ्यांना कळवून टाक. म्हाताऱ्यांनी उद्यापासून गोळ्या बंद करायच्या आणि पाव खायचा. लघवीची तक्रार गेलीच म्हणून समजा.

ल्योंगा: हसा तुम्ही.

एफोसी: हसू नको तर काय करू? तुझ्या यीस्टचंच खाद्य मी याला घातलं; काय होतं ते?

ल्योंगा: मक्याचं पीठ. बाहेरून येणारं खाद्य दुआला बंदरात अडकलं होतं, तुम्हाला माहीत आहे.

एफोसी: मका कुठे दळलास?

ल्योंगा: इथंच. खालच्या चक्कीत.

एफोसी: खालच्या चक्कीत! वा रे पठ्ठ्या! अरे, मी नोकरीला लागले तेव्हापासून त्या चक्कीत साल दळतात. व्यापाऱ्यांचे नमुने तपासायला येतात ते सगळे तिथंच दळले जातात. तिच्या भेगाभेगांत साल बसलीय. तू त्यात मका दळलास, ते पीठ यीस्टला चारलंस, आणि औषध दिसल्यावर नाचत सुटलास. यीस्टनं काही बनवलं नाही रे. त्यानं नुसतं खाल्लं.

ल्योंगा: चक्की मी धुतली होती.

एफोसी: तू चहाचा कप धुतलेला कुणी बघितला नाही, आणि म्हणे चक्की धुतली.

ल्योंगा: तुम्हाला आनंद झालाय. जन्मभर इथं बसून सालीचे काढे उकळलेत तुम्ही. मी परदेशातून शिकून आलो तेव्हापासून तुमच्या डोळ्यांत सलतोय.

एफोसी: तू? सलायला टोक लागतं, बाबा.

ल्योंगा: बरं, झाली चूक. पण उद्या हे यीस्ट बघायला कुलगुरू येणार आहेत, माझ्या गावचे लोक येणार आहेत. उद्याचा दिवस निभावून नेऊ या. मग मी स्वतः सगळं पुन्हा करतो. नवं पीठ, नवं सगळं.

एफोसी: उद्याचा दिवस निभावून नेऊ म्हणे! तोंड वर करून बोलवतं तरी कसं तुला?

(ल्योंगाचे मामा लुमा, ज्यांना मानानं 'मोला' म्हणतात, खांद्यावर केळ्यांचा घड घेऊन दारात येतात.)

लुमा: येऊ का आत? तुमचं भांडण संपल्यावर यावं म्हणून उभा होतो, पण संपेना, आणि घड जड आहे.

ल्योंगा: मामा! तुम्ही उद्या येणार होतात ना?

लुमा: उद्या सगळं गाव ट्रकमधून येतंय. मी म्हटलं, आपण आधी जाऊन जागा बघून ठेवावी. इया एफोसी, आईच तुम्ही आमच्या, हा घड तुमच्यासाठी. आमच्या पोराला सांभाळून घेतलंत.

एफोसी: सांभाळून घेतलं! त्यालाच विचारा.

ल्योंगा: मॅडम, प्लीज. आत्ता नको.

एफोसी: का नको? मोला लुमा, तुमच्या भाच्याचं यीस्ट औषध करत नाही. कधीच केलं नाही. सालीचा भुगा पिठात गेला आणि या शहाण्याला तो दिसला नाही. बस्स, एवढंच आहे सगळं.

लुमा: म्हणजे औषधाला साल लागणारच.

एफोसी: लागणारच.

लुमा: झाडाचीच.

एफोसी: मग कशाची?

लुमा: मी जरा बसतो.

ल्योंगा: मामा, पुढच्या वर्षी नक्की होईल. तो जीन एकदा नीट बसला की—

लुमा: तू गप. इया, तुम्ही सांगा. होईल?

एफोसी: होईल कदाचित. तुमच्या-माझ्या हयातीत होईल की नाही, सांगता येत नाही.

लुमा: आम्ही जंगलाची वाट बंद केलीय.

एफोसी: म्हणजे?

लुमा: वाटेवर आडव्या झावळ्या बांधल्या. पूर्वजांना दारू वाहिली. आजपासून झाडाला कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. पोरं भांडायला उठली. साल सोलूनच पोट भरतं त्यांचं. मी म्हणालो, माझा भाचा खाली बाटलीत तेच औषध करतोय, उद्या तुमची साल फुकट कुणी घेणार नाही, मग झाडं मारून काय मिळवणार? तेव्हा कुठं ऐकली. याचं नाव घेऊन दारू ओतली मी.

एफोसी: एका फ्लास्कच्या भरवशावर? तुमचीही कमाल आहे. कुणाला विचारायचं तरी.

लुमा: यालाच विचारलं. हा डॉक्टर आहे ना.

एफोसी: हं. डॉक्टर!

ल्योंगा: मामा, मग वर गावात काही बोलूच नका. झावळ्या राहू देत. निदान झाडं तरी वाचतील.

लुमा: लाज वाटत नाही? पूर्वजांसमोर मी खोटा पडलोय, तो तसाच बसून राहू? आणि व्यापारी पोती घेऊन दारात आला की पोरांना कळणार नाही होय? खोट्या ठरलेल्या झावळ्यांपाशी बकरीसुद्धा थांबत नाही, बाळा. पुन्हा बांधायला गेलो तर तोंडावर हसतील. इतके दिवस निदान निम्मी साल झाडावर ठेवायचे, झाड जगायचं. आता रागानं चारी बाजूंनी सोलतील. उभी झाडं वाळतील.

ल्योंगा: मला हे ठाऊक नव्हतं.

एफोसी: तुला काय ठाऊक असतं? मोला लुमा, या मुलाला मी पहिल्या दिवसापासून ओळखून आहे. घाई, नुसती घाई आणि फोटो. कोरं यीस्ट लावलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं सगळं.

लुमा: ते कधी लावलंत?

एफोसी: मागच्या महिन्यात.

ल्योंगा: मागच्या महिन्यात? आणि मला बोलला नाहीत?

एफोसी: तुला बोलून काय उपयोग? मशीन बिघडलंय म्हणाला असतास. आज म्हणालासच की! म्हटलं, उद्या कुलगुरूंच्या समोर, सगळ्यांच्या समोर दोन्ही फ्लास्क शेजारी शेजारी ठेवू. एकदा तरी याचं नाक खाली यायला हवं होतं. चुकलं का माझं? तुम्हीच सांगा, मोला.

लुमा: तुमचं तुम्ही बघा, इया. आम्ही झावळ्या बांधल्या त्या या रविवारी.