साभार पीडीएफ

आमच्या शुक्रवार पेठेतल्या अण्णांची ठाम समजूत आहे की, खाली ‘साभार’ लिहिलं की चोरीची उसनवारी होते. त्याच भरवशावर त्यांनी जोशी सरांच्या नव्या पुस्तकाची अख्खी पीडीएफ ग्रुपवर टाकली. मग सरांचाच फोन आला, “पोलिसांत तक्रार दिलीय. तुमच्याकडे येतोय.”

अण्णांनी घाबरून मला बोलावलं. “आत टाकतील का ओ? साभार लिवलंय की मी!”

“मग आतही साभार टाकतील,” मी म्हणालो.

सर आले ते आठवड्यानं. अण्णांनी हातच जोडले. “सर, मला बार्शीच्या मेव्हण्यानं पाठवली.”

“ठाऊक आहे. पोलीस म्हणाले, पहिल्यांदा कुणी पाठवली ते तुम्हीच शोधून आणा. मग बार्शीहून लातूर, लातूरहून पुणे असा माग काढत गेलो.”

“घावला का?”

“घावला. आमचे जावई. प्रूफं बघायला त्यांनाच दिली होती.”

अण्णांच्या जिवात जीव आला. “मग तक्रार?”

“मागे घेतली. कायद्यात त्यांना कैद आहे हो. पण अधिक महिना लागलाय, घरी त्यांच्यासाठी अनारसे तळायला घेतलेत.”