चुन्याच्या घेरातला हात

नाव यमुना शंकर मोहरील, वय छप्पन्न वर्षे, शिक्षण बी. ए., धंदा मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, राहणार धंतोली, नागपूर. जानेवारी, सन १९३८.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, परवा सायंकाळी आमच्या शाळेच्या संमेलनात चंपतराव पहिलवान यांचा जबडा मोडला. ही मारहाण लाठी-पट्टा शिकवणारे नत्थूजी वस्ताद यांनी केली, अशी चंपतरावांची फिर्याद आहे. आपण मारले असे नत्थूजींनीही कबूल केले आहे. दोघांचे म्हणणे जुळत असले तरी ते खरे नाही. मी जवळच उभी होते. तो हात भागीरथा रुपराव या मुलीचा होता. ती मॅट्रिकच्या वर्गात आहे.

मुलींना असे वेडेवाकडे हात फिरवायला शिकवतातच कशाला, असे ठाणेदारांनी विचारले, म्हणून सांगते. पट्टा, म्हणजे लांब पात्याची तलवार, फिरवणारा एकाला हेरून वार करत नाही. चहूबाजूंनी माणसे अंगावर आली तर त्यांनी दूर राहावे, म्हणून तो दोन्ही हात सारखे फिरवत ठेवतो. मुलींच्या हाती पट्टा द्यायला मी परवानगी दिली नाही. तेव्हा नत्थूजींनी तेच हात रिकाम्या मुठींनी शिकवले. दिसायला तो प्रकार बेढब आहे, हे मी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, "बाई, कुस्तीत गड्याले धराचं असते. हे कोनं धरू नये म्हणून हाय. पोरीले याचंच काम पडते." मी ती शिकवणी चालू ठेवू दिली.

नवशिकी मुलगी हात फिरवताना डोळे मिटते. डोळे मिटले की तो हात आंधळा, असे नत्थूजी म्हणतात. जिचे डोळे उघडे राहतात तिलाच ते मातीवर चुन्याने आखलेल्या घेरात उभे करतात. भागीरथेला त्यांनी यंदा प्रथमच घेरात घेतले.

त्या घेराची रीत अशी. आत कोणाला यायचे असेल तर त्याने घेराबाहेर वाकून मातीला हात लावायचा आणि आपले नाव पुकारायचे. मग आतल्याने हात थांबवायचे. न पुकारता जो आत पाऊल टाकील, त्याला जे लागेल ते त्याचे त्याने सोसायचे. ही रीत नागपुरातल्या सर्व आखाड्यांत आहे. चंपतराव स्वतः आखाडा चालवतात. त्यांना ती सांगण्याची गरज नव्हती.

भागीरथेचे हात सुरू झाले तेव्हा चंपतराव पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणाले, "हे कायची विद्या व्हय गा, नत्थूजी? पोरगी माश्या हाकलून राहिली!" लोक हसले. नत्थूजी म्हणाले, "हाकलू दे ना गा. तू कायले उठून राहिला?" चंपतराव उठून घेराकडे आले. नत्थूजी ओरडले, "पहिलवान, माती! नाव पुकार!" ते म्हणाले, "पोरीच्या घेराले काय पुकाराचं?" आणि त्यांनी आत पाऊल टाकले.

भागीरथा "सरका, सरका" असे म्हणाली. त्यांनी तिचे उजवे मनगट पकडले आणि लोकांकडे पाहून हसत म्हणाले, "पाहा, झाली विद्या." डावा हात फिरतच होता. तो त्यांच्या जबड्यावर बसला आणि ते खाली पडले. नत्थूजी त्या वेळी घेराबाहेर होते. ते धावत आत गेले आणि त्यांनी चंपतरावांचे डोके मांडीवर घेतले. मागे बसलेल्यांनी नत्थूजींना आत पाहिले ते तेव्हाच.

काल चंपतरावांच्या आखाड्यातले दोघेजण माझ्या घरी आले. एकजण म्हणाला, "बाई, पहिलवानाले पोरीनं पाडलं असं सांगू नका. लोक हासतीन." मी त्यांना पाणी दिले आणि जायला सांगितले.

त्यानंतर मुलीचे वडील रुपराव आले. त्यांचे सीताबर्डीला कापडाचे दुकान आहे. मुलीचे लग्न उमरेडला ठरत आले आहे. ते म्हणाले, "वस्ताद आपल्या मनानं अंगावर घेऊन राहिले, घेऊ द्या. हे उमरेडात गेलं तं पोरीले सून कोन करन?" नत्थूजींना तुरुंग होईल, असे मी म्हटले.  भागीरथा वडिलांच्या मागे उभी होती. मी विचारले, "तुझे काय म्हणणे आहे?" रुपराव म्हणाले, "तिले काय विचारता?" मी पुन्हा विचारले. ती म्हणाली, "बाई, हात माहा होता. वस्तादाच्या नावावर काहून टाकता?" रुपराव खुर्चीवर बसले. ते माझ्या शाळेच्या कमिटीवर आहेत. जाताना त्यांनी नमस्कार केला नाही.

आज मी ठाण्यात आले तेव्हा नत्थूजी बाहेर बाकावर होते. मला पाहून ते उठले. म्हणाले, "बाई, राहू द्या ना. माह्यं आता काय उरलं?" मी त्यांना खाली बसायला सांगितले. ते सकाळपासून जेवलेले नाहीत. त्यांना घरी जाऊ द्यावे.

मुलगी घाबरली आणि हात चुकून लागला, असे लिहू का, असे ठाणेदारांनी विचारले. त्यांनी ते मुलीच्या भल्यासाठी विचारले, हे मला कळते. तसे लिहू नये. परका पुरुष न पुकारता घेरात आला. सरका म्हटल्यावरही त्याने तिचे मनगट धरले. तो हात अशाच वेळेसाठी शिकवला होता आणि जिथे लागायचा तिथेच लागला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिचे डोळे उघडे होते.

याहून मला अधिक सांगायचे नाही. मुन्शींनी लिहिलेला मजकूर मला वाचून दाखवला. मी तो स्वतःही पुन्हा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

यमुना शंकर मोहरील