देशमुख आमच्या घरचं पानी पिला

माझं माहेर कमठाण्याकडं, सासर हे औरादजवळचं. आम्ही मूळचे मेंढरंवाले, सासऱ्यानं मेंढरं इकून देशमुखाचं रान कसायला धरलं, तवापासून शेतकरी. काय सांगू तुमाला, गावात झाडाला पान फुटलं तरी ते देशमुखाचं. जागीरदार हैदराबादेत, त्याला आम्ही कवा बघितलंच न्हाई, देशमुखच आमचा राजा. रास झाली की अर्धी त्याच्या घरी, वर वेठबिगार. बाळंतीण असली तरी त्यांच्या अंगनात दळायला जायाचं, मी गेलेय, चौथ्या दिवशी.

मग निजामाचं राज गेलं, जागीर गेली, आन चावडीवर दवंडी झाली, जो कसतो त्याचं नाव कूळ म्हनून लागलं, आता त्याला कुनी काढायचं न्हाई. समदे नाचले. मी न्हाई नाचले. ज्याच्या हातातनं सुटलं, त्यो मागं फिरून येनारच, असं माझं मन म्हनायचं.

आन देशमुख आला. आधी शेजारी थोरल्या दिराच्या घरी गेला, मग आमच्याकडं. डोक्यावर पांढरी टोपी, म्हनला काय वहिनी, बरं हाय का. वहिनी! जलमात मला अगं शिवाय बोलला न्हवता. घोंगडीवर बसला, पानी मागितलं, आन आमच्या तांब्यातलं पिला बी. आमचा मानूस रडायलाच आला, मालक आपल्या घरी पानी पिले म्हनून. मी मनात म्हनलं ह्याला आजच एवढी तहान कामून लागली?

त्यानं कागद काढला. म्हनला सरकार इहीर देनार हाय, थोरल्यानं अंगठा दिला, तुमी बी द्या. आमच्या मानसानं अंगठा शाईत बुडवला, आन मी त्याचा हात धरला. देशमुखासमोर. म्हनले मालक, आज शनवार हाय, आमी शनवारी नवं काम धरत न्हाई, कागद ठेवा, उद्या देतो. त्यो हसला, ठेवून गेला. आमच्यात कुनाला वाचता येतंय, त्याला ठावं होतं.

कागद उर्दूत. मी टोपल्यात झाकून चांदभाईकडं गेले, त्यो पूर्वी अर्ज लिहायचा. निजामाला हटवायला हिंदुस्तानची फौज आली तवापासून त्यानं मुसलमान म्हनून भिऊन दार लावून घेतलेलं, कागदाला हात लावायला भ्यायचा. मी उठलेच न्हाई, तवा वाचला. म्हनला इहीर-बिहीर काय न्हाई अम्मा, इथं लिहिलंय, आमी राजीखुशीनं रानावरचा हक्क सोडतो. मेरा नाम नक्को लेना, म्हनला. न्हाई घेतलं, आज पयल्यांदा घेतलं.

कागद चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी देशमुखाचा गडी कागद मागायला आला, मी म्हनले उंदरानं खाल्ला. आमचा मानूस म्हैनाभर माझ्याशी बोलला न्हाई, मालकाला दुखावलं म्हनून.

थोरल्याचं रान गेलं. माझी थोरली जाऊ, अक्का, आता सोताच्याच रानात रोजानं खुरपायलीया. माझ्याशी बोलत न्हाई. तिला वाटतं मला आधीच ठावं होतं आन मी गप बसले. देवाशप्पथ न्हवतं. पर तिनं कामून इश्वास ठेवावा?

देशमुख आता निवडून आलाय. मतं आम्हीच दिली, समद्यांनी. कागदावर रान आमचं, पर वाट त्याच्या बांधावरनं, तिथं त्यानं काटे घातलेत, म्हनून आम्ही वढ्यातनं वळसा घालून जातो. सरकारनं रान दिलं, वाट द्यायचं इसरलं. असू द्या. पाय हायत तवर चालायचं. बसा बाबा, भाकर खाऊन जावा, आमच्या रानातली जवारी हाय.