बाबांनी फाडलेली दोन पानं

अरे, पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावणारा तो स्पॅनिश म्हातारा आठवतो? परवा इकडे विलायतेत, मिल्टन कीन्सच्या ऑफिसात लंचला त्याचा विषय निघाला. मी म्हटलं, "शेवटी तो घरी येतो, पुन्हा निघायच्या तयारीने. काय भारी शेवट आहे!"

आमच्या सॉफ्टवेअर टीममधली स्पॅनिश टेस्टर मार्ता माझ्याकडे बघतच राहिली. "निघतो कुठे? तो शहाणा होतो आणि अंथरुणात मरतो."

मी लहानपणी त्याची मराठी आवृत्ती वाचलेली, नागपूरला, बाबांच्याच वाचनालयातली. बाबा ग्रंथपाल, पानाचा कोपरा दुमडला तरी दंड लावणारे. तिथेच घरी फोन करायचं कॉलिंग कार्ड खरवडून नंबर काढला आणि त्यांना फोन लावला.

"बाबा, त्या पुस्तकाचा शेवट काय होता हो?"

बाबा म्हणाले, "शेवटची दोन पानं मी फाडली."

"तुम्ही?"

"तू आठ वर्षांचा होतास. लाटणं घेऊन कूलरवर चाल करून जायचास. म्हटलं, कशाला मारायचं त्या म्हाताऱ्याला?"

"अहो, पण बाकीचे वाचक? कुणी तक्रार नाही केली?"

"कशाला करतील? आपल्या अख्ख्या मोहल्ल्यात तो अजून जिवंत आहे."