ही जोडी नाही, काका

जोडी? कोण म्हणालं जोडी? — नाही नाही, पत्ता बरोबर आहे काका, खोली हीच, ससेही हेच, पण जोडी नाही ही. या ना आत, खोका ठेवा तिथे. चपला राहू द्या. बघा, मधे जाळी दिसतेय? एक नाही, दोन आहेत, मधे चार बोटं फट — एकच असती तर तिच्यातून चावले असते एकमेकांना. खिडकीकडचा पांढरा तो दांडगा, माझ्या धाकट्या बहिणीचा. इकडची काजळी, माझी. डोळ्यांभोवती काळं आहे ना, म्हणून. तीन वर्षं सांभाळतेय मी हिला, आणि बहीण माझ्याकडे राहायला आली ती याला काखोटीला मारूनच. म्हटलं, अगं, विचारायचं तरी! तर म्हणते, ताई, तू नाही म्हणाली असतीस. खरंय, म्हणाले असते.

जाहिरात तिनंच दिली असेल, मला काहीच — असेल, काहीतरी गैरसमज असेल. नातीसाठी न्यायला आलात म्हणता? बसा ना. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशनं दोघांची झालीत, पिल्लांची भीती नाही, पण ओळख नसलेले दोन ससे एका खोलीत, तेव्हा घाई करायची नाही. दोन महिने नुसता वास. रोज याचं फडकं तिच्याकडे, तिचं याच्याकडे. मग पहिली भेट बाथरूममध्ये, कारण ती जागा दोघांचीही नाही — आणि आम्ही दोघी हजर. बहिणीनं माझ्या हातात हात देऊन कबूल केलं होतं, एकटीनं जाळीची कडी काढायची नाही. आणि पाचव्या आठवड्यात काय झालं, सांगू? मी दुकानातून आले — चष्म्याच्या काचा घासते मी — तर ही तोंडावर बोट ठेवून उभी. दांडगा जाळीला पाठ टेकून झोपलेला, आणि पलीकडून काजळी, तश्शीच. दोघी दारातच बसलो, अर्धा तास, मी पर्ससकट. आई गेल्यापासून इतकं हसलो नव्हतो आम्ही.

आणि मग हा मंगळवार. बहिणीची सुट्टी होती. मी येऊन बघते तर जमिनीवर केसांचे पुंजके, पलंगावर रक्त, हिचा कान इथून इथवर फाटलेला — हो, तोच, टाके आहेत ते. बहीण रडत होती. म्हणाली, मी अंघोळीला गेले होते, ताई, सकाळी गवत घालून तूच कडी नीट लावली नसशील. आणि मला आठवेना! सकाळी माझी धांदल असते हो, एक हात केसांत, एक गवतात. मी माफी मागितली तिची. मोठी बहीण असून मी — पाय धरायचेच बाकी ठेवले. आणि या दांडग्याला — हे कुणाला बोलले नाही मी — बहीण बाहेर गेली की मी याला त्या छोट्या पिंजऱ्यात कोंबायची. वळायलाही जागा नाही त्यात. वर टॉवेल. चार दिवस. म्हणायची, भोग आता. तो आतून पाय आपटायचा, आणि मी टॉवेल सारखा करायची.

काय? फोटोत तर एकत्र आहेत? कुठला फोटो? दाखवा. 'एकमेकांशिवाय राहत नाहीत. खोली सोडायची असल्याने दोघे जोडीनेच देणे आहेत.' खोली सोडायची — कुणाला? थांबा, जरा मोठं करा. ही माझी पिवळी चादर. सोमवारी रात्री घातली मी, मंगळवारी डागांनी गेली, एकच दिवस होती. आणि काजळीचा कान बघा, काका. अख्खा आहे. दोन्ही कान अख्खे आहेत.

म्हणजे कडी मी लावली होती.

अंघोळीला गेली होती म्हणे! माझ्या पलंगावर रोज बसते काजळी, ती तिची हक्काची जागा, तिथे उचलून ठेवलं त्याला — फोटोसाठी. फडकी बदलायला तीच तर असायची, तिला कळत नव्हतं? आणि मला म्हणते, ताई, तूच. बरं, फोनवर काही बोलली का, जाणार कुठे? — दुसऱ्या गावी. नोकरी. एक तारखेपासून. छान. तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही. आणि माझी काजळीही देऊन टाकणार होती, मी दुकानात असताना. तुम्ही जरा लवकर आलात, नाही का? की मीच आज लवकर आले.

नाही काका, एकही नाही देणार. हाही नाही. याच्याकडे तर मला बघवतसुद्धा नाहीये. तुमच्या नातीला सांगा, नाही जमलं.

उठा. जिन्यात पावलं वाजतायत, तीच आहे, दोन-दोन पायऱ्या चढते. हसून विचारेल तुम्हाला, आवडले का. काही बोलू नका. खोका घ्या आणि सरळ खाली उतरा. दार उघडंच राहू द्या.